ओटी भरून गेलेली माती

जालन्याहून येताना माणसं काय काय आणतात. कुणी जुन्या जालन्यातून लग्नाचा बस्ता आणतं, कुणी मोटारीचं सामान, कुणी लेकरांना खाऊ. मी माती आणते. स्कूटीवर पायाशी गोणी, गोणीत छोट्या छोट्या कापडी पिशव्या आणि पिशव्यांत ज्याच्या त्याच्या वावराची माती. जाताना नेलेली, तीच परत. परतूरच्या अलीकडं एकदा एका हवालदारानं अडवलं होतं. गोणीवर काठी टेकवून म्हणाला, "काय आहे?" म्हटलं, "माती." त्यानं एक पिशवी सोडून पाहिली, दुसरी सोडून पाहिली, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. "माती कुठं घेऊन चालल्या?" म्हटलं, "तिच्या घरी सोडायला." त्यानं हात जोडले आणि जा म्हणाला. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच त्याला वाटलं असणार. वाटू दे.

मी हे का करते ते सांगायचं तर आत्याबाईंचं सांगावं लागतं. आणि आत्याबाईंचं सांगायचं म्हणजे माझा शहाणपणा कुठवर होता तेही सांगावं लागतं. सांगते.

मी आमच्या गावाची कृषी सखी. म्हणजे शेतकी खातं आणि गाव यांच्या मधलं माणूस. बारावी शिकलेली, स्कूटी चालवणारी आणि तोंडाची फटकळ, एवढ्या तीन गुणांवर बचत गटातल्या बायांनी माझं नाव दिलं. पहिल्याच उन्हाळ्यात काम आलं ते माती परीक्षणाचं. प्रत्येकाच्या वावरातली माती जालन्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची, तिच्यात काय कमी आहे, काय जास्त आहे ते बघायचं आणि मग खत-पीक ठरवायचं. ऐकायला किती सोपं! पण पारावर विषय काढला की लोक हसायचे. "आमच्या मातीला काय ताप आलाय का, तपासायला?" एक जण तर म्हणाला, माझा बाप मातीची चिमूट जिभेवर ठेवून सांगायचा काय पेरायचं ते. म्हटलं, "मंग तुम्ही ठेवा, तुम्ही सांगा." त्या बाबानं खरंच चार लोकांदेखत चिमूटभर माती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "खारट लागून राह्यली." म्हटलं, "काका, ती तुमच्या तंबाखूची चव आहे." त्या दिवशी पार हसला आणि आठ-दहा जण पिशव्या घ्यायला तयार झाले.

माझ्या हट्टाला कारण होतं. माझं माहेर अंबडकडं. वडिलांनी मोसंबीची बाग लावली तेव्हा मी शाळेत होते. बाग अशी फुटली होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पाच वर्षं. सहाव्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली, शेंडे वाळले, आणि वडील कधी हे खत टाक, कधी ते औषध मार, असं करत राहिले. खाली चुनखडी होती. चुनखडीच्या जमिनीत मोसंबी तग धरत नाही, हे आम्हाला कळलं ते झाडं तोडायची वेळ आल्यावर. वडिलांनी ती स्वतःच्या हातानं तोडली. शेवटच्या झाडापाशी ते बराच वेळ कुऱ्हाड घेऊन नुसते उभे होते, ते मला अजून दिसतं. आधी तीन फूट खणून बघितलं असतं तर! एवढंच तर करायचं होतं.

तर आत्याबाई. नात्यानं त्या माझ्या चुलत सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, आणि गावातल्या सगळ्या बायांत मला मनापासून आत्याबाई म्हणावं वाटायचं ते यांनाच. आमच्या घरामागं त्यांचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावालगत तीन एकर वावर, एक म्हैस आणि एकुलता एक लेक. तो बायको-लेकराला घेऊन अंकुशनगरला साखर कारखान्यापाशी राहायचा, उसाच्या ट्रॅक्टरवर होता. दीड-दोन तासांची वाट, पण पोळ्याला आला तर दिवाळीला नाही, दिवाळीला आला तर एका मुक्कामापुरता. आत्याबाई रोज दोन भाकरी जास्तीच्या थापायच्या. कुणी येत नव्हतं. संध्याकाळी त्या भाकरी म्हशीला जायच्या.

त्या उन्हाळ्यात लेकानं एक शब्द टाकला. फोनवर म्हणाला, "माय, कापसाच्या मागं लागायला मी काही येत न्हाई. आपण मोसंबी लावू. पण आधी माती तपासून घे. रिपोर्ट चांगला आला की रोपं सांगतो, इथलं काम सोडतो अन् कायमचा घरी येतो."

झालं! आत्याबाईंनी मागची खोली सारवली. माळ्यावरचा पितळी हंडा काढून चिंचेनं घासला. नातवासाठी म्हणून अंगणात पेरूचं रोप लावलं, त्याला काट्यांचं कुंपण केलं. रस्त्यात कुणी भेटलं की, "बाग लावायची हाय, पोरगं येऊन राह्यलं," हे सांगितल्याशिवाय त्यांचा पाय पुढं पडेना. रिपोर्ट अजून आलाच नव्हता. माती वावरातून निघालीही नव्हती. पण त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते बघून मीही काही बोलले नाही.

देवळात मी सगळ्यांना जमवलं आणि माती कशी घ्यायची ते सांगितलं. वावरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, त्याच्या काठची माती तासून घ्यायची, सगळी एकत्र करायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. झाडाखालची नको, बांधाची नको, उकिरड्याजवळची तर बिलकुल नको. हे मी असं भराभरा सांगितलं, शाळेत पाढे म्हणतात तसं, आणि पिशव्या वाटून मोकळी झाले. कोण कुठली माती घेतंय ते बघायला एकाच्याही वावरात गेले नाही. आणि फळबागेसाठी वीतभर माती चालत नाही, तीन फुटांपर्यंत थराथरानं घ्यावी लागते, हे आत्याबाईंना सांगायचं राहूनच गेलं. माझ्या वडिलांची बाग ज्याच्यापायी गेली तेच! मला गोणी भरून पाठवायची घाई झाली होती. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

पिशव्या आल्या त्या बघण्यासारख्या होत्या. एकानं माती पिठाच्या चाळणीनं चाळून आणली, परक्या गावी चाललीय तर जरा नीटनेटकी असावी म्हणून. एकानं गोठ्यातूनच भरली होती. ती वासावरूनच ओळखू आली आणि मी त्याच्याच हातात परत दिली. आत्याबाई मात्र पिशवी ओंजळीत धरून आल्या. डोक्यावर पदर होता. पिशवी माझ्या हातात ठेवली, तिला हात लावून तो कपाळाला लावला.

म्हटलं, "आत्याबाई, माती हाय ती. देवी न्हाई."

त्या हसल्या नाहीत. "सांभाळून ने," एवढंच म्हणाल्या. पिशवीची गाठ घट्ट होती, ती सोडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

प्रयोगशाळेत पिशव्या उघडायचं काम एक भाई करायचे. जुन्या जालन्यात राहणारे, घरी उर्दू, कामावर मराठी आणि रागावले की दोन्ही. माणूस कमी बोलणारा, पण हाताला शिस्त. एकेक पिशवी सोडायची, कागदावर पसरायची, नंबर घालायचा. मी शेजारी उभी राहून नावं सांगत होते. आत्याबाईंची पिशवी सोडली आणि भाईंचा हात थांबला.

आधी हिरवा खण निघाला, घडी घातलेला. मग गहू, चांगले तीन-चार मुठी. हळकुंड, सुपारी, दोन खारका. आणि माती सगळी हळदी-कुंकवानं माखलेली.

पलीकडं दोन पोरं कामाला होती, ती फिसकन हसली. एक म्हणालं, "मॅडम, रिपोर्टात काय लिहू? गव्हाचं प्रमाण भरपूर?" दुसरं म्हणालं, "बारसं कोणाचं हाय ते तरी सांगा." माझे कान तापले. एवढ्या मोठ्या तोंडानं मी तिथं सांगितलं होतं की आमच्या गावच्या पिशव्या एकदम बराबर असतील म्हणून.

भाई तेवढे हसले नाहीत. खण हातात घेऊन म्हणाले, "ही ओटी आहे ना, ताई? आमच्यात पण बहू-बेटी निघाली का गोद भरतेत. खाली गोद घेऊन नाही जाऊ देत. कुणीतरी या मातीला विदा केलंय."

"कुणीतरी न्हाई, माझ्या सासूनं केलंय," मी म्हटलं. "फेका ते सगळं!"

"अनाज फेकत नाहीत, ताई," भाई म्हणाले. त्यांनी गहू निवडून बाहेर भिंतीवर चिमण्यांना टाकले, आणि मला सांगितलं की ही माती चालणार नाही, दुसरी आणा. मी तोंड फिरवून निघून आले.

रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत आले. गावात शिरले तर आत्याबाई पिठाच्या गिरणीवरच दिसल्या. घरी जाऊन पाणी प्यायचं, शांत व्हायचं, मग बोलायचं, एवढी अक्कल मला त्या वेळी नव्हती. स्कूटी लावली न लावली तोच माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सहा-सात बायांसमोर. "आत्याबाई, काय पोरखेळ लावलाय? तिथं तपासायला माती मागितली, का पूजा मांडायला? खण काय, खारका काय! सगळे हसून राह्यले होते मला. पार छी-थू झाली. फेकून द्यायला लावलं मी सगळं!"

गिरणी चालू होती म्हणून मी आणखी ओरडून बोलत होते. नेमकी तेव्हाच ती बंद झाली आणि शेवटचं वाक्य सगळ्यांना लख्ख ऐकू गेलं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "ओटीतलं फेकलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मग पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि गेल्या. झाकण तिथंच राहिलं. ते द्यायला जायची माझी हिंमत झाली नाही, दुसऱ्या बाईनं नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी मी नवी पिशवी घेऊन गेले तर त्या म्हशीचं दूध काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या वावरातली माती आता कुठं जायची न्हाई." चार दिवस रोज गेले, चार दिवस तेच उत्तर. आणि पाचव्या दिवशी त्यांच्या लेकाचा मला फोन आला.

"वहिनी, रिपोर्टचं काय झालं? माय काही नीट सांगंना. जाऊ द्या, शेजारच्याची बाग चांगली हाय की. मी रोपं सांगून टाकतो."

डोळ्यांसमोर वडील उभे राहिले, कुऱ्हाड घेतलेले. म्हटलं, "भाऊजी, चार दिवस थांबा. तुम्हाला माझी शपथ. अन् येतच असाल तर टिकाव घेऊन या, तीन फूट खणायचंय." तो बरं म्हणाला. आता माती मिळवायची होती, आणि ती कशी मिळवायची ते मला मनातून ठाऊक होतं. फक्त मान खाली घालायची होती, आणि तेच मला जड जात होतं.

सकाळी सकाळी ताटात खण, पाच मुठी गहू, हळद-कुंकू, सुपारी घेऊन मी त्यांच्या दारात गेले. "आत्याबाई, चुकलं माझं."

"मला कशाला सांगती?" त्या म्हणाल्या. "जिची ओटी फेकली तिला सांग."

मग आम्ही दोघी वावरात गेलो. बांधालगत जुनं कडुलिंब आहे, त्याच्याखाली शेंदूर लावलेला दगड. तिथं आत्याबाई सांगत गेल्या तसं मी केलं. मातीला हळद-कुंकू वाहिलं, गहू वाहिले, खण ठेवला. मी बारावी शिकलेली, सरकारी कागदपत्र वाचणारी बाई, वावरात गुडघे टेकून मातीची माफी मागत होते, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. मग आमचा करार झाला. ओटी वावरातच भरायची, पिशवीत नुसती माती घालायची, आणि खण पिशवीला बाहेरून बांधायचा.

"अन् एक," आत्याबाई म्हणाल्या. "ओटी भरून गेलेली बाई घरी परत येती. हिला परत आणायची."

"आणते," मी म्हटलं. तिथं उरलेल्या मातीचं काय करतात हे मला माहीत नव्हतं, पण त्या घडीला मी काहीही कबूल केलं असतं.

भाऊजी दुसऱ्या दिवशी आले. वावराच्या मधोमध त्यांनी खड्डा घेतला. पहिला फूट काळाभोर, बघून जीव सुखावला. दुसऱ्या फुटाला रंग बदलला, राखेसारखा झाला, आणि त्यात हरभऱ्याएवढे पांढरे खडे दिसायला लागले. तिसऱ्या फुटाला टिकावाचा आवाजच बदलला. भाऊजी घाम पुसत म्हणाले, "थोडंफार तर सगळीकडंच असतंय, वहिनी." मी तिन्ही थरांच्या तीन पिशव्या भरल्या, वरच्या थराच्या पिशवीला बाहेरून खण बांधला. आत्याबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या. त्यांनी एक पांढरा खडा उचलला, बोटांत धरून चुरला आणि हात पदराला पुसले. त्यांनी काहीच विचारलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पिशव्या लगोलग जालन्याला पोचवल्या आणि आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेले. भाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. काचेच्या बशीत चिमूटभर माती ठेवली, वरून आम्लाचे दोन थेंब टाकले. माती फसफसली, खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखी. "ही दुसऱ्या फुटाची," भाई म्हणाले. मग तिसऱ्या फुटाची घेतली. ती तर बशीबाहेर यायला लागली. "ताई, मोसंबीला साफ नाही म्हणा. चार-पाच साल खूबसूरत दिसंल, मंग पिवळी पडंल. सीताफळ होईल, बोर होईल. वरचा फूट चांगला आहे, कापूस-तूर मजेत येईल."

मला ठाऊकच होतं. तरी एक क्षण असंही वाटलं की हा कागद फाडावा, बरा आला म्हणून सांगावं आणि त्या माउलीला तिचं लेकरू मिळू द्यावं. पाच वर्षं तर पाच वर्षं! मग मीच माझ्यावर चिडले.

"भाई, उरलेली माती परत मिळंल का?" मी विचारलं.

ते मला मागं घेऊन गेले. इमारतीमागं मातीचा ढीग होता, अख्ख्या जिल्ह्याच्या वावरांची माती, काळी, तांबडी, राखाडी, सगळी एकमेकींत मिसळलेली. "काही दिवस ठेवतो, मंग इथं टाकतो," भाई म्हणाले. "परत मागणारं कुणी आलंच नाही आजपर्यंत." आत्याबाईंची माती अजून टाकली नव्हती. त्यांनी तिन्ही पिशव्या आणून दिल्या. शिवाय टेबलाचा ड्रॉवर उघडून एक कागदाची पुडी दिली. तिच्यात पहिल्या पिशवीतला हिरवा खण होता, धुऊन, घडी घालून ठेवलेला, आणि सुपारी, हळकुंड. "तुम्ही गुस्सा होऊन गेल्या त्या दिवशी. म्हटलं, अमानत आहे, राहू द्या." मला रडूच आलं तिथं. ती हसणारी दोन पोरं बघत होती, बघू दे म्हटलं.

गावात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्याबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. मी कागद काढला, घडी उघडली, आणि रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. मी! जिच्या तोंडाला गाव भितं!

"खाली चुनखडी हाय ना?" आत्याबाईच म्हणाल्या. सुपातून हात न काढता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला ठाऊक व्हतं, बाई. तुझे मामंजी व्हते तवा तिथं हीर खणायला घेतल्ती. पुरुषभर खाली गेले, सगळं पांढरं. पाणी न्हाई लागलं. बुजवून टाकली. पोरगं लहान व्हतं, त्याला काय आठवतंय."

मी विचारलं, "मंग ती पहिली पिशवी?"

"कडुलिंबाखालची. तिथली माती लोण्यावाणी हाय. म्हटलं, रिपोर्ट चांगला येईल, पोरगं घरी येईल. मंग पुढचं पुढं. बाग काय लगेच मरती का? पाच-सहा वर्सं जातेत." त्यांनी एक खडा निवडून अंगणात फेकला. "तवर मी ऱ्हाते का जाते."

झाडाखालची नको म्हणून मी बजावलं होतं, आणि या बाईनं ते नीट ऐकून नेमकी तीच भरली होती. मला राग यायला हवा होता, पण तो कुठं शोधू? मी विचारलं, "अन् ओटी? ओटी का भरली मंग? नुसती माती दिली असती तर कुणाला कळलं बी नसतं. तपासली असती, रिपोर्ट झकास आला असता."

आत्याबाईंचा हात सुपात थांबला.

"तुला फसवून राह्यले व्हते, सूनबाई," त्या म्हणाल्या. "तिला कसं फसवू? खोटं बोलायला तिला घरातून धाडायचं, अन् ते बी रिकाम्या ओटीनं?"

अंगणात पेरूचं रोप होतं, काट्यांच्या कुंपणातलं, त्याला दोन नवी पानं फुटली होती. मी तिकडं बघत बसले.

"फोन लाव त्याला," आत्याबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मी सांगते. "न्हाई. म्या सांगते."

फोन लागला. मी तो त्यांच्या कानाशी धरला. "रोपं सांगू नको," त्या म्हणाल्या. "जमीन बागेची न्हाई. हिरीतलं पांढरं मला ठाऊक व्हतं, म्या बोलले न्हाई तुला. सीताफळ होईल म्हणतेत." मग भाऊजींचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. रागाचा नव्हता, थकलेला होता. "सीताफळाचं बघू पुढं, माय. पण मंग आता मी येऊन काय करू तिथं?"

नुसतं ये, असं त्या म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. मीच ओरडून सांगावं असं वाटलं. आत्याबाईंनी दोनदा ओठ हलवले. "काही न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकरू बरं हाय का? खोकला गेला का त्याचा?" तो गेला म्हणाला. "बरं, ठेव मंग."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "माती आणली का?"

मी गोणीतून तिन्ही पिशव्या काढल्या, वर तो हिरवा खण ठेवला. खण बघून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हटलं, "फेकला न्हाई त्यांनी. अमानत म्हणून ठेवला होता." त्यांनी तो डोळ्यांना लावला. मग आम्ही वावरात गेलो. खड्डा अजून तसाच होता. आत्याबाई काठावर बसल्या, एकेक पिशवी सोडली आणि माती हातानं सोडत सोडत आत टाकली, आधी तिसऱ्या फुटाची, मग दुसऱ्या, मग वरची काळी, जशी होती तशी. प्रयोगशाळेत कुटून-चाळून ती पिठासारखी मऊ झाली होती. शेवटची मूठ टाकून त्यांनी तळहाताला लागलेली मातीही झटकली, जराही हाताला ठेवली नाही.

"चला," त्या उठत म्हणाल्या, "ही तरी आली घरी."